वाट करून देणारा

वाशिम जिल्ह्याच्या नावावर मोठे रणमैदान नाही. गाविलगड किंवा नरनाळ्यासारखा, लांबून पाहताच छाती दडपावी असा किल्लाही आमच्याकडे नाही. आमच्याकडे काळी जमीन आहे, तिच्यात सोयाबीन, तूर आणि कपाशी आहे, पैनगंगा आहे, अडाण आहे, आणि फार जुन्या वाटा आहेत. वाकाटकांची एक शाखा वत्सगुल्माहून, म्हणजे आजच्या वाशिमहून, राज्य करीत होती. तिच्या हरिषेण राजाच्या काळात अजिंठ्याच्या डोंगरात लेणी कोरली गेली. इथून तिथवर हुकूम, धन आणि माणसे ज्या वाटेने गेली असतील, ती वाट पुष्कळदा माझ्या डोळ्यांपुढे येते. 1670 मध्ये शिवरायांची फौज वऱ्हाडात उतरली आणि आमचे श्रीमंत कारंजा लुटून गेली, तीही अशाच वाटांनी. मानोरा तालुक्यातले पोहरादेवी हे बंजारा समाजाचे मोठे तीर्थ आहे. या समाजाच्या पूर्वजांचे लमाण तांडे बैलांच्या पाठीवर धान्य लादून फौजांच्या मागोमाग चालत. फौज कोणत्याही राजाची असो, तिचे पोट या तांड्यांवर चाले. रणांगण नसलेल्या मुलखातल्या माणसाला युद्ध दिसते ते असे, वाटेच्या बाजूने.

आमच्या उत्तरेला, मेळघाटात, डिसेंबर 1803 मध्ये इंग्रजांनी गाविलगड घेतला. पुस्तकांत तटाला पडलेले खिंडार आणि 15 डिसेंबरचा अखेरचा हल्ला येतो. पण त्याआधी, 7 ते 12 डिसेंबर, कर्नल स्टीव्हनसनच्या सैन्याने जड तोफा हातांनी ओढत डोंगरदऱ्यांतून जवळपास 30 मैल नेल्या. आणि ज्या वाटेने नेल्या ती वाटही आधी त्यांनाच करावी लागली. ते शत्रूचे सैन्य होते म्हणून मला त्या श्रमाकडे डोळेझाक करता येत नाही. वाट तयार झाली तेव्हाच गड अर्धा पडला होता. त्या वाटेवर खपलेल्या हातांची नावे मात्र कुठेच नाहीत.

युद्धातले शौर्य आपण बहुतेक शेवटच्या क्षणाला मोजतो. कोण तटावर चढला, कोणी निशाण रोवले, कोणी समोरच्याला लोळवले. ते शौर्य खरेच आहे, आणि त्याच्यापुढे मान लवते. पण माझे मन अडकते ते त्याच्या आधीच्या तासांत. पुढे जायला वाट नाही, मागे शेकडो माणसे खोळंबली आहेत, आणि कुणीतरी एकाने उठून, गुडघे टेकून, मातीत हात घालायचा आहे. त्या माणसाच्या हातात त्या वेळी बंदूक नसते. समोरून गोळ्या येत असतात, आणि त्यांना उत्तर द्यायला त्याला सवड नसते.

पहाटे वाशिमच्या कोणत्याही बाजूच्या रस्त्यावर जा, सैन्यभरतीच्या तयारीची पोरे धावताना दिसतात. रिसोडकडे, मंगरुळपीरकडे, हिंगोलीकडे, सगळीकडे. त्यांच्या तोंडी सोळाशे मीटर, बीम आणि नऊ फुटी खड्डा यांशिवाय दुसरा विषय नसतो. यातली काही मुले लेखी परीक्षेच्या गणितासाठी माझ्याकडे बसतात. घरी दोन-चार एकर कोरडवाहू, कुणाचा बाप दुसऱ्याच्या शेतात, कुणाचा बाप नाहीच. एकदा गणिते बाजूला पडली आणि कोणत्या पलटणीत जायचे यावर गोष्टी रंगल्या. एक मुलगा म्हणाला, "सर, सॅपर म्हंजे रस्ते-पूल बांधणारेच ना? मंग त्यायले लढाई कुठी असते?"

त्या दिवशी आमच्या गावचे एक निवृत्त हवालदार तिथेच बसले होते. खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये उभी नोकरी केलेले, गावात सगळे ज्यांना मेजर म्हणतात असे. ते एरवी फार बोलत नाहीत. त्या मुलाकडे पाहून म्हणाले, "सगळ्याईच्या पुढं कोन असते रे मंग? जिथं रस्ता संपते तिथून आमची ड्युटी चालू होते." मग थोडे थांबून, सुरुंग कसा हुडकतात ते त्यांनी जमिनीवर बोटाने दाखवले. सळई उभी खुपसायची नाही, तिरपी सरकवायची. काही कठीण लागले की थांबायचे आणि माती बोटांनी बाजूला करायची. साफ झालेल्या जागेवर पांढरी फीत टाकत जायचे, म्हणजे मागच्याला पाय कुठे ठेवायचा ते कळते. मुलाने विचारले, "भेव नाही लागत का, काका?" ते म्हणाले, "कोनाले नाही लागत बाप्पा? लागतेच. पन हात हालू द्याचा नाही."

मग त्यांनीच एक नाव घेतले. रामा राघोबा राणे. मुलांपैकी एकालाही ते ठाऊक नव्हते.

राणे वऱ्हाडातले नव्हेत. आमच्यापासून पार दूर, समुद्रकाठचे. कारवारजवळचे चेंडिया हे त्यांचे गाव, जन्म 26 जून 1918. कारवार तेव्हा मुंबई इलाख्यात होते. वडील पोलीस खात्यात शिपाई. बदल्यांमुळे मुलाचे शिक्षण या गावी थोडे, त्या गावी थोडे असे झाले. 1930 च्या सुमारास देशात सत्याग्रहाचे वारे होते आणि त्या वाऱ्याने हा मुलगाही भारला होता. पुढे दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि 10 जुलै 1940 रोजी, बाविसाव्या वर्षी, राणे बॉम्बे इंजिनिअर्समध्ये भरती झाले. अधिकारी म्हणून नव्हे, साधा सॅपर म्हणून. आमची मुले आज ज्या दाराने आत जाऊ पाहतात त्याच दाराने. प्रशिक्षणात ते आपल्या तुकडीतले सर्वोत्तम रिक्रूट ठरले आणि कमांडंटची छडी त्यांना बक्षीस मिळाली.

पुढची वर्षे ब्रह्मदेशात गेली. आराकानच्या आघाडीवर सैन्य माघार घेत असताना बुथिदाँग इथे मागे राहून मोक्याच्या गोष्टी उद्ध्वस्त करण्याचे काम राणे आणि त्यांच्या माणसांवर पडले. काम झाल्यावर नौदलाची जहाजे त्यांना घेऊन जाणार होती. जहाजे आली नाहीत. जपान्यांच्या गस्ती चुकवत, नदी ओलांडून, ही माणसे आपल्या डिव्हिजनला बावली बाजारला जाऊन मिळाली. राणे तेव्हा नाईक होते. या कामगिरीनंतर ते हवालदार झाले.

हा प्रसंग मला महत्त्वाचा वाटतो, कारण पाच वर्षांनी नौशेराच्या रस्त्यावर जे घडले त्याची मुळे इथे आहेत. सगळे निघून गेल्यावर मागे थांबणे आणि सगळ्यांच्या आधी पुढे जाणे, ही दोन्ही कामे सॅपरच्या वाट्याला येतात. माघारीत तो शेवटचा असतो, चढाईत पहिला. आणि जहाज येणार म्हणून सांगितलेले असताना जहाज न येणे, ही वेळ ज्याच्यावर आली आणि ज्याने तरीही माणसे सुखरूप आणली, त्याला नेतृत्व शिकवायला वेगळी शाळा लागत नाही. 15 डिसेंबर 1947 रोजी त्यांना सेकंड लेफ्टनंटचा हुद्दा मिळाला. खांद्यावर पहिला तारा चढला त्याला चार महिनेही झाले नव्हते, तेव्हा एप्रिल 1948 उजाडला.

जम्मू-काश्मीरची लढाई ऐन भरात होती. राजौरी नोव्हेंबर 1947 पासून टोळीवाल्यांच्या हाती होती आणि तिथल्या लोकांचे अतोनात हाल झाले होते. ब्रिगेडियर महंमद उस्मान यांच्या ब्रिगेडने 18 मार्चला झांगर परत घेतले. आता राजौरी. नौशेराहून राजौरीला जाणारा रस्ता डोंगराच्या कडेकडेने जातो. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. शत्रूने तो जागोजाग बंद केला होता: आडवे पाडलेले चिडाचे वृक्ष, उडवलेल्या मोऱ्या, तोडलेले बांध, आणि या सगळ्यांच्या अवतीभवती पेरलेले सुरुंग. वरच्या टेकड्यांवर मशीनगनी लावून ठेवलेल्या. पायदळ डोंगरातून चढून जाऊ शकते. रणगाड्याला रस्ता लागतो. एका सुरुंगाने पहिल्या रणगाड्याचा पट्टा तुटला की तो तिथेच बसतो आणि त्याच्या मागचा सगळा ताफा जागच्या जागी कोंडतो, कारण बाजूने निघायला जागाच नसते. आणि रणगाडे पोचायला जितका उशीर, तितके राजौरीत अडकलेल्यांचे मरण जवळ. म्हणजे त्या सगळ्या मोहिमेचे भवितव्य काही थोड्या सॅपरांच्या आणि त्यांच्या एका अधिकाऱ्याच्या हातांवर येऊन ठेपले होते. 37 असॉल्ट फील्ड कंपनीतली राणेंची तुकडी चौथ्या डोग्रा पलटणीबरोबर दिलेली होती.

8 एप्रिल. सकाळचे अकरा. सव्विसाव्या मैलाजवळ राणे आणि त्यांची माणसे रणगाड्यांपाशी थांबलेली, पुढचे सुरुंग काढायला निघण्याच्या बेतात. इतक्यात उखळी तोफांचा मारा सुरू झाला. दोन जवान जागीच गेले. पाच जखमी झाले, आणि त्या पाचांत राणे स्वतः होते.

इथे मी दर वेळी थांबतो. कामाला अजून हात लागलेला नाही. तुकडी आधीच छोटी, त्यातली दोन माणसे समोर मरून पडली आहेत, अधिकाऱ्याच्या अंगातून रक्त वाहते आहे. याच घटकेला तुकडी मोडते किंवा टिकते. इथे अधिकारी जखम दाखवून मागे गेला असता तर कुणी त्याला दोष दिला नसता. जखमीला मागे नेणे हा सैन्याचा रीतसर नियमच आहे. राणेंनी उरलेली माणसे गोळा केली, कामे पुन्हा वाटून दिली आणि सुरुंग काढायला सुरुवात केली. शौर्याच्या हकिकतींत अशा क्षणाला फार जागा मिळत नाही, कारण पाहणाऱ्याला त्यात काही दिसत नाही. माणसे पुन्हा रांगेत लागली, एवढेच दिसते. पण माझ्या मते राणेंना पुढे मिळालेले परमवीर चक्र या घटकेतच ठरले. पुढचे तीन दिवस तिच्यातूनच आले.

तो सगळा दिवस ते रणगाड्यांच्या आसपास, मशीनगन आणि उखळी तोफांच्या माऱ्यात होते. साडेचारच्या सुमारास डोग्रांनी बरवालीची धार घेतली. आसपास शत्रू अजून होता, हे राणेंना माहीत होते. तरी ते माणसे घेऊन पुढे गेले आणि रणगाड्यांसाठी रस्त्याला वळण काढू लागले. वळण काढायचे म्हणजे डोंगराची कड फोडायची, दगड-माती दरीच्या बाजूला भरायची आणि टनावारी लोखंडाचे ओझे पेलेल इतकी ती दाबायची. पावडे आणि पहार आवाज करतात. डोंगरात तो आवाज लांब जातो. शत्रूच्या डोळ्यांदेखत रात्री दहापर्यंत ते काम चालले.

9 एप्रिल. पहाटे सहाला पुन्हा सुरुवात. दुपारी तीनला वळण तयार झाले आणि ताफा हलला. राणे सर्वांत पुढच्या गाडीत बसले. अर्ध्या मैलावर चिडाची झाडे आडवी. उतरले, खोडांना स्फोटके बांधली, उडवली. तीनशे यार्डांवर पुन्हा तेच. मग एक उडवलेली मोरी. कामाला हात घालण्याआधीच मशीनगनी सुरू झाल्या. तिथेही वळण काढले, ताफा पुढे सरकला. अडथळे संपत नव्हते. सव्वासहा वाजले, उजेड विझत चालला, आणि समोर सगळ्यांत अवघड जागा आली: पाच मोठे वृक्ष, भोवती सुरुंग, आणि वरून मशीनगनींची नजर. राणे सुरुंग काढायला लागलेसुद्धा. ताफ्याच्या प्रमुखाने अंधाराचा अंदाज घेऊन गाड्या रात्रीपुरत्या आडोशाला नेल्या, म्हणून ते थांबले.

10 एप्रिल. पावणेपाच. अजून अंधार. एका बाजूला रणगाड्यांचा एक ट्रूप आधाराला, समोर तेच पाच वृक्ष आणि तोच मारा. साडेसहाला रस्ता मोकळा झाला. त्यानंतरचे हजार यार्ड म्हणजे अडथळ्याला लागून अडथळा, फुटलेल्या बांधाला लागून फुटलेला बांध. साडेदहापर्यंत तेही पार पडले. रणगाडे रस्ता सोडून तवी नदीच्या पात्रात उतरले आणि दुपारी दोनला चिंगसला पोचले. काश्मीरहून परतताना 1627 मध्ये वाटेत मरण पावलेल्या जहांगीर बादशहाची आतडी जिथे पुरली असे सांगतात, तीच ही मोगली सराय.

रणगाडे पोचले होते. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, झाले आपले काम. राणे रस्त्यावरच राहिले. मागून दारूगोळा, रसद, औषधे घेऊन येणाऱ्या गाड्यांना नदीचे पात्र चालणार नव्हते, त्यांना रस्ताच हवा होता. अन्न नाही, विसावा नाही, अंगावर दोन दिवसांची जखम, अशा स्थितीत ते रात्री नऊपर्यंत राबत राहिले. 11 एप्रिलला सकाळी सहाला पुन्हा हजर. अकरा वाजता चिंगसपर्यंतचा रस्ता खुला झाला. तरी हात थांबले नाहीत. पुढच्या रस्त्यावर रात्री दहापर्यंत काम सुरूच होते. 12 एप्रिलला आपले सैन्य राजौरीत शिरले.

या वेळा मी मुद्दाम एकेक करून लिहिल्या. पराक्रम म्हटला की एक विजेसारखा क्षण आपल्या मनात येतो. राणेंचा पराक्रम चार दिवस चालला. त्यात सकाळी सहाला उठणे आहे, पावडे आहे, पहार आहे, रात्री दहाला थांबणे आहे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथून पुढे आहे. झपाटलेल्या माणसाला एक क्षण अंगावर घेता येतो. चार दिवस तसे झपाटून राहता येत नाही. चार दिवस माणूस शुद्धीवर असतो, त्याला भूक लागते, जखम ठणकते, काल मेलेले सोबती आठवतात, आणि हे सगळे कळत असताना तो पुढचा सुरुंग हुडकतो. या धैर्याची जात वेगळी आहे. पेरणीपासून कापणीपर्यंत आभाळाकडे पाहत राबणाऱ्या आमच्या मुलखाला ती नीट समजावी.

त्या मोहिमेची एक हकीकत नेहमी सांगितली जाते. सन्मानपत्रात ती आलेली नाही. सुरुंगांच्या पट्ट्यातून रणगाडा न्यायचा तर कुणीतरी जमिनीला डोळे लावून त्याच्याबरोबर सरकायला हवे, आणि वरून तर गोळ्या येताहेत. राणे रणगाड्याच्या पोटाखाली शिरले. चाकांच्या चालीने स्वतः रांगत, चालकापर्यंत दोर नेऊन, दोराला हिसका देत ते डावीकडे, उजवीकडे, थांब अशा खुणा करीत गेले. आमच्याकडे गाडीवान कासऱ्याला जरासा ओढ देतो आणि बैलाला वळण कळते, तसेच हे. फरक एवढा, की इथे कासरा धरणारा गाडीवर बसलेला नव्हता, चाकांच्या मध्ये होता.

ही हकीकत सांगताना आमच्या मेजरांचा आवाज बदलला. खडकीत भरती होणाऱ्या प्रत्येक पोराच्या कानावर ती पडते, म्हणाले. याच बॉम्बे सॅपर्सच्या आणखी एका अधिकाऱ्याची गोष्टही तिथे अशीच सांगतात. सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत. 1941 च्या सुरुवातीला ॲबिसिनियात पळणाऱ्या इटालियन फौजेच्या पाठलागावर असताना त्यांनी चार दिवसांत 55 मैल रस्त्यावरची 15 सुरुंगक्षेत्रे मोकळी केली. दोनदा त्यांच्या खालची गाडी सुरुंगाने उडाली, कानाचा पडदा फाटला, तरी त्यांनी दुसऱ्याला काम सोपवले नाही. दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे ते पहिले भारतीय अधिकारी. भगत अकादमीतून अधिकारी होऊन आले होते, राणे शिपाई म्हणून आले होते. दोघांनी केले ते मात्र एकच. सर्वांत धोक्याची जागा आपली, असे कुणी न सांगता ठरवले. अधिकाऱ्याला माणसे पुढे पाठवता येतात, तो त्याचा अधिकार आहे. पण सुरुंगाच्या रस्त्यावर तो अधिकार वापरला की उरलेले सगळे अधिकार मातीमोल होतात. चाळीस वर्षांच्या नोकरीत माणूस कमावणार नाही एवढा विश्वास, स्वतः आधी गुडघे टेकणारा अधिकारी अर्ध्या तासात कमावतो. त्या 8 एप्रिलला तुकडी टिकली ती यामुळे. दोन सोबती गेल्यावर जवानांनी मान वर केली तेव्हा त्यांना अधिकारी मागे दिसला नाही, पुढे दिसला. आणि तोही रक्ताळलेला.

परमवीर चक्राची स्थापना 26 जानेवारी 1950 ला झाली. त्या पदकाची रचना केली सावित्रीबाई खानोलकर यांनी. जन्माने युरोपीय, विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून त्या इथल्याच झाल्या. संस्कृत, पुराणे, उपनिषदे त्यांनी आस्थेने अभ्यासली. देवांच्या वज्रासाठी आपली हाडे देणाऱ्या दधीची ऋषींचे स्मरण म्हणून त्यांनी पदकावर चार वज्रे कोरली. दधीचीने वज्र चालवले नाही, दुसऱ्याच्या हाती दिले. लढाई इंद्राची झाली. पदकाची ही कथा मला राणेंच्या बाबतीत विशेष जवळची वाटते, कारण त्यांनीही राजौरी जिंकली नाही. राजौरी जिंकता यावी म्हणून रस्ता दिला. हयातीत परमवीर चक्र मिळालेले ते पहिले.

पुढे ते सैन्यातच राहिले आणि 1968 मध्ये मेजरच्या हुद्द्यावरून निवृत्त झाले. त्यांच्या लष्करी सेवेत अधिकृत खलित्यांत त्यांचा गौरवाने पाच वेळा उल्लेख झाला. 11 जुलै 1994 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. शिपिंग कॉर्पोरेशनच्या एका तेलवाहू जहाजाला त्यांचे नाव दिले गेले. कारवारच्या किनाऱ्यावर त्यांचा पुतळा आहे, आणि 2023 मध्ये अंदमानातल्या एका बेटालाही त्यांचे नाव मिळाले. जहाज, किनारा, बेट. ही सगळी स्मारके पाण्याशी. त्यांनी रक्त सांडले ते मात्र रस्त्यावर, आणि एखाद्या रस्त्यालाही त्यांचे नाव असावे असे मला फार वाटते. आमच्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो. कारंजा, शेलूबाजार, मालेगाव या बाजूंनी रात्री त्याच्यावरून धावणाऱ्या दिव्यांची रांग दिसते. नागपूरहून मुंबईकडे काही तासांत जाणाऱ्या माणसाला रस्ता ही आपसूक असलेली गोष्ट वाटते. रस्ता आपसूक नसतो. कुणीतरी आधी तिथे उन्हात, चिखलात उभे राहिलेले असते, आणि राणेंसारख्याच्या नशिबी तर गोळ्यांतही.

त्या मुलाने नंतर मला विचारले, "सर, अधिकारी व्हायले लय शिकेल लागते ना?" लागते, मी म्हणालो, आणि शिकच तू. पण शिपाई म्हणून आत गेलेल्या माणसालाही वाट बंद नसते, हे राणेंच्या आयुष्यात दिसते. सॅपर, नाईक, हवालदार, मग अधिकारी, मग परमवीर. खांद्यावर काय आहे यावर तो माणूस थांबला नाही. बुथिदाँगला नाईक असताना जे केले तेच बरवालीला सेकंड लेफ्टनंट असताना केले. हुद्दा बदलला, स्वभाव बदलला नाही. माझ्या लेखी नेतृत्व म्हणजे हाच स्वभाव, आणि तो मिळवायला कमिशनची वाट पाहावी लागत नाही. घरची तूर काढताना, विहिरीत उतरताना, रात्री पाणी द्यायला शेतात जाताना आमच्या घराघरांत कुणीतरी आधी पुढे होतोच.

माझे एकच मागणे आहे, आणि ते जिल्ह्यातल्या माझ्या शिक्षक बांधवांकडे आणि भगिनींकडे आहे. एप्रिलमध्ये आपल्या शाळा सकाळच्या असतात, अभ्यासक्रम संपत आलेला असतो, मुलांचे मन वर्गात नसते. 8 एप्रिलला एक तास काढा. फळ्यावर नौशेरा, बरवाली, चिंगस, राजौरी ही चार नावे एका रेषेत लिहा आणि रामा राघोबा राणे यांचे ते चार दिवस, वेळेसकट, मुलांना सांगा. त्या सकाळी अकरा वाजता गेलेल्या दोन जवानांसाठी वर्गाला उभे करा. यातली कितीतरी मुले उद्या त्याच वर्दीत असणार आहेत. आपल्या पुढे कोण चालून गेला, हे त्यांना आजच कळू द्या.